बदलीचे गाव आणि घराचा उंबरठा



गेल्या वर्षी वैशाखात माझ्या थोरल्या बहिणीच्या धाकट्या मुलाचा फोन आला. "मावशी, हिला बढती मिळाली. बदली तुमच्या बडनेऱ्याला झाली आहे. आता काय करावे?" बढतीची वार्ता सांगताना माणसाचा स्वर खाली का यावा, हे आपल्यासारख्या व्यापारी घरांत वाढलेल्यांना उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही. मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी तीन पिढ्यांचे कापडाचे दुकान, दोघे भाऊ एकाच गादीवर बसणारे, आणि धाकटी सून बँकेत अधिकारी. नोकरी गावातल्या गावात होती तोवर तिचे सर्वांना कौतुक होते. ती गावाबाहेर जाणार असे दिसताच तोच कौतुकाचा विषय घराची अडचण होऊन बसला.

घरात दोन मते पडली. थोरल्या भावाचे म्हणणे, बढती नाकारावी. आहे तेथेच काय कमी आहे? माझ्या बहिणीचे म्हणणे, सुनेने एकटीने जावे, शनिवार-रविवारी यावे, सात वर्षांचा नातू आजीजवळ राहील. मी भाच्याला विचारले, "आणि तिचे मत काय?" तो क्षणभर थांबला व म्हणाला, "तिला अजून कोणी विचारलेले नाही."

हे वाक्य मला लागले, कारण ते मी पूर्वी ऐकले होते. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या घरी बडनेऱ्याला दुकान घालण्याचे ठरले तेव्हा मी सासरच्या गावी एका शाळेत शिक्षिका होते. नोकरी कायम होण्यास चार महिने उरले होते. गाव बदलायचे ठरले, मुहूर्त ठरला, सामान बांधले गेले. माझ्या शाळेचा विषय कोणाच्या मनातच आला नाही. कोणी दुष्ट नव्हते. विचारण्याची रीत नव्हती, इतकेच. बडनेऱ्याने पुढे मला पुष्कळ दिले. तरी जूनमध्ये शाळेची घंटा ऐकली की आजही मन क्षणभर मागे जाते. म्हणून भाच्याला मी सांगितले, "आधी तिला विचार. मग दोघेही मुलाला घेऊन आठ दिवस माझ्याकडे या. गाव पाहिल्यावाचून गावाविषयी निर्णय करू नये."

गाव बदलणे आपल्याला नवीन नाही. वऱ्हाडातील आपल्या बहुतेक घरांचे मूळ गाव मारवाडात, गुजरातेत किंवा कच्छात आहे. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस विलायतेस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. अमरावतीची मोठी बाजारपेठ मुख्य मार्गापासून बाजूला राहिली आणि तिच्या दाराशी असलेले बडनेरे रेल्वेचे ठाणे झाले. या कापसामागे, धान्यामागे व सावकारीमागे माणसे आली. आधी पुरुष एकटा येई, ओळखीच्या पेढीवर मुनीम म्हणून राही, काही वर्षांनी स्वतःचे दुकान घाली आणि मग कुटुंब आणी. त्या मधल्या वर्षांत मागे राहिलेल्या स्त्रीने काय सोसले, याची नोंद कोणत्याच वहीत नाही.

आज चित्र उलटले आहे. बदलीची आज्ञा सुनेच्या नावाने येते आणि दुकान सोडून मागे जावे की नाही, हा प्रश्न पतीपुढे पडतो. सरकारी व्यवस्थेलाही हे चित्र पुरते ठाऊक झालेले नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत पती-पत्नी एकत्रीकरणाची तरतूद आहे. दोघांच्या नोकरीच्या ठिकाणांत ३० किलोमीटरपेक्षा अधिक अंतर असेल तर त्यांचा प्राधान्याने विचार होतो. परंतु ही सवलत दोघेही नोकरदार असतील तर मिळते. पती गादीवर बसणारा व्यापारी असेल, तर त्याच्या दुकानाचे अंतर मोजण्यास कोणी येत नाही. ते आपले आपणच मोजावे लागते.

जोडपे आले. सुनेने पहिल्याच सायंकाळी शांतपणे सांगितले, "मावशीजी, मला बढती हवी आहे. पण मुलाला सोडून मी राहणार नाही. दोन्ही जमत नसेल तर नाही म्हणेन. मात्र मग तो निर्णय माझा असेल." एवढे स्पष्ट झाल्यावर पुढचे काम सोपे झाले. आठ दिवसांत आम्ही जे पाहिले, विचारले व ताडून घेतले, ते अशा वळणावर उभ्या असलेल्या इतर घरांच्या उपयोगी पडावे, म्हणून क्रमाने लिहिते.

पहिला प्रश्न, राहायचे कोठे? नोकरी बडनेऱ्याला, म्हणून घरही बडनेऱ्यालाच, असे नसते. आमच्यापुढे तीन पर्याय होते. एक बडनेरे. रेल्वेच्या एका अंगास जुनी वस्ती, दुसऱ्या अंगास नवी वस्ती. कारभाराच्या दृष्टीने हे गाव १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती महानगरपालिकेच्याच हद्दीत आहे. मुंबई-हावडा मार्गावरील जंक्शन असल्याने सासर-माहेरच्या जाण्यायेण्यास सोयीचे. रेल्वेचा वॅगन दुरुस्ती कारखाना येथेच, अभियांत्रिकी महाविद्यालय येथेच, आणि १६ एप्रिल २०२५ पासून सुरू झालेले बेलोऱ्याचे विमानतळही जवळच. भाडे कमी. परंतु मोठी रुग्णालये, शाळांची निवड आणि आपला समाज यांसाठी अमरावतीकडेच पाहावे लागते.

दुसरा पर्याय अमरावती. अंतर सुमारे दहा किलोमीटर. विभागाचे मुख्यालय, १९८३ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ, १९१४ पासूनचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, जिल्ह्याचे सामान्य रुग्णालय ज्याला लोक अजून इर्विन म्हणतात ते, स्त्रियांसाठी डफरीन. भाच्याच्या दृष्टीने आणखी एक मोठी गोष्ट म्हणजे नांदगाव पेठच्या बाजूस उभे राहिलेले कापडाचे घाऊक बाजार. त्याच परिसरात पंतप्रधान मित्र योजनेतील वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली आहे.

तिसरा पर्याय भाच्याच्या मनात होता, तो अकोल्याचा. तेथे त्याच्या मामेसासऱ्यांचा डाळ गिरणीशी संबंधित व्यवसाय असल्याने आधार मिळाला असता. अकोला मुख्य मार्गावरच, कापूस व डाळीची जुनी पेठ, कृषी विद्यापीठ आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असलेले शहर. परंतु बडनेऱ्यापासून रेल्वेने सुमारे ८० किलोमीटर. म्हणजे सुनेने रोज अपडाऊन करायचे. मी तिला एक दिवस सकाळच्या गाडीने अकोल्यास जाऊन सायंकाळी परत यावयास सांगितले. परतीची गाडी पाऊण तास उशिरा आली. घरी आल्यावर तिने पाणी प्यायले आणि म्हणाली, "मावशीजी, ज्या घरी मी रोज झोपायलाच येणार, ते घर मुलासाठी घेतले असे कसे म्हणू?" अकोल्याचा विषय तेथे संपला. नकाशावरील अंतर वेगळे आणि थकलेल्या माणसाचे अंतर वेगळे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. वऱ्हाडात घर पाहताना फरशी व रंग यांच्या आधी पाणी पाहावे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला खारपाण पट्टा आहे. तेथील विहिरीचे व बोअरचे पाणी खारट असते, पिण्यास चालत नाही. त्यामुळे "घराला बोअर आहे" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. नळाचे पाणी कोठून येते, किती दिवसांआड येते, कोणत्या वेळी येते, हे विचारावे; आणि ते घरमालकास न विचारता शेजारणीस विचारावे. अमरावतीस ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी येते. आम्ही एक दुसऱ्या मजल्यावरील सुंदर घर पाहिले. मालकांनी पाण्याची काहीच अडचण नसल्याचे सांगितले. जिना उतरताना खालच्या बाईंनी सुनेला हळूच सांगितले, "बाई, नळाले पाणी येते, पण मोटर लावल्याबिगर वर चढत नाई. अन् येते तेव्हा तुमी तं हापिसात रायसान." त्या एका वाक्याने आमचे वर्षभराचे हाल वाचले. आपल्या घरी पाणी गाळून व उकळून वापरण्याची रीत आहे. तिला वेळ लागतो, भांडी लागतात आणि वेळेवर पाणी हाताशी असावे लागते.

उन्हाचेही तसेच. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांवर जातो. पश्चिमेकडे उघडी भिंत असलेले वरच्या मजल्याचे घर डिसेंबरात प्रसन्न वाटते. त्याची परीक्षा वैशाखातील दुपारी चार वाजता करावी. आम्ही नेमके त्याच दिवसांत पाहत होतो, हे बरेच झाले.

तिसरा प्रश्न मुलाच्या शाळेचा. या उन्हामुळेच विदर्भातील राज्य मंडळाच्या शाळा इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात किंवा अखेरीस सुरू होतात. बाहेरून येणाऱ्या कुटुंबास ही सवड मिळते, ती वाया घालवू नये. जुन्या शाळेचा दाखला वेळेवर मिळत नाही, ही चिंता भाच्यालाही होती. सक्तीच्या व मोफत शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातील कलम ५ नुसार मूल शासकीय किंवा अनुदानित शाळेत जात असेल, तर मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यावयाचा असतो आणि दाखल्यास विलंब झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. तरीही सर्वांत मोलाची चौकशी ही की, शाळा सुटल्यापासून आई घरी येईपर्यंतचे तास मूल कोणाजवळ काढणार? उत्तर ठरल्यावाचून शाळा ठरवू नये. आमच्या बाबतीत त्याचे उत्तर भाच्यानेच दिले, "मी आहे ना." त्याच्या मोठ्या भावाला हे फोनवर ऐकून हसू आले. पुरुषाने चार वाजता शाळेच्या फाटकाशी उभे राहावे, हे आपल्या घरांत अजून हसण्यावारी जाते. ते जाऊ नये.

चौथा प्रश्न धर्माचरणाचा. माझ्या बहिणीची खरी भीती हीच होती. "परगावी मुलगा रात्री खाऊ लागेल, कांदा-बटाटा घरात येईल, पाठशाळा सुटेल." ही भीती हसण्यासारखी नाही, पण तिचे उत्तर उपदेशात नसते, वेळापत्रकात असते. मार्गशीर्षात अमरावतीस सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि बँकेतील दिवस त्याआधी संपेलच असे नाही. ज्या सुनेचा चौविहार आहे तिने काय करावे? सायंकाळचा डबा बरोबर न्यावा, आणि घरी मुलाचे व पतीचे जेवण सूर्यास्तापूर्वी व्हावे अशी व्यवस्था करावी. म्हणजे संध्याकाळचा स्वयंपाक तिच्याकडून निघून कोणाकडे तरी जायला हवा. नियम घराचा असेल तर त्याचे कष्टही घराने वाटून घ्यावेत. एकट्या सुनेच्या माथी टाकलेला नियम टिकत नाही, आणि टिकला तरी त्यातील गोडी जाते.

मंदिर किंवा स्थानक पायी जाण्याच्या अंतरावर असावे, हे मात्र मी आग्रहाने सांगेन. वाहनाने जावे लागते तेथे आधी रोजचे दर्शन रविवारवर येते आणि मग पर्युषणावर. चातुर्मासात साधू-साध्वी जवळ असतील, तर मूल न सांगता जाते. शिवाय या भूमीत धर्माचा वारसा उणा नाही. अमरावतीजवळ भातकुली आहे, परतवाड्याच्या पुढे मुक्तागिरी आहे, वाशीम जिल्ह्यात शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत, आणि भट्टारकपीठांचे व हस्तलिखितांचे कारंजा आहे. बहिणीला मी एवढेच म्हटले, "अगं, मुलगा अनार्य देशी चाललेला नाही."

पाचवा प्रश्न दुकानाचा. येथेच बहुतेक घरे अडतात, कारण दुकान सोडणे म्हणजे वाटणी, असे मनात पक्के बसलेले असते. तसे असण्याचे कारण नाही. राज्याच्या आतच दुसरे ठिकाण उघडायचे असेल, तर त्याच व्यवसायाला नवा जीएसटी क्रमांक घ्यावा लागत नाही. असलेल्या नोंदणीत अतिरिक्त व्यवसायस्थान म्हणून भर घालता येते, त्याचा अर्ज १५ दिवसांच्या आत करावा लागतो. भाच्याने सुचवले की, गादी भावाने सांभाळावी आणि आपण अमरावतीच्या घाऊक बाजारातून खरेदी पाहावी, लहानसे गोदाम ठेवावे. हे सर्व तोंडी ठरवू नये, असा माझा हट्ट होता. कोणाचा वाटा किती, महिन्याची उचल किती, तोटा झाला तर कोणाच्या खाती, हे भागीदारीच्या कागदात लिहून घ्यावे. भावाभावांत कागद कशाला, असे म्हणणाऱ्यांना मी नम्रपणे विचारते, भावाभावांतील जी भांडणे आपण पाहिली, ती कागद केल्यामुळे झाली की न केल्यामुळे?

भाड्याच्या घराबाबतही एक गैरसमज सर्वत्र आहे. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, असे लोक सांगतात. महाराष्ट्रात तसे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृतच असावा लागतो, मुदत कितीही असो. आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. परक्या गावी हा कागद हाती असावा.

अखेर बडनेरा मार्गावर, साईनगरच्या बाजूस एक तळमजल्याचे घर मिळाले. सुनेला शाखेत जाण्यास वीस मिनिटे, मुलाची शाळा जवळ, आणि पायी दर्शन. भाडे आम्ही मनात धरले होते त्याहून अधिक होते. ते सुनेच्या पगारातून जाईल, असे तिने सांगितले तेव्हा भाच्याने मान खाली घातली नाही, याचा मला मनापासून आनंद झाला.

सगळे गोड झाले, असे मात्र लिहिणार नाही. पहिले सहा महिने भाच्याला जड गेले. गावी त्याला रस्त्यावरचा प्रत्येक माणूस "शेठजी" म्हणे. येथे तो अमुक मॅडमचे यजमान. घाऊक बाजारात उधारीची पत जमण्यास वेळ लागला, एका खरेदीत नुकसानही झाले. एका सायंकाळी माझ्याकडे येऊन तो बराच वेळ काही न बोलता बसला. मी त्याला म्हटले, "तुझ्या आजोबांचे वडील मारवाडातून आले तेव्हा त्यांनाही कोणी शेठजी म्हणत नव्हते." तो हसला, पण मला ठाऊक आहे, ते हसू माझ्या समाधानासाठी होते. अशा दिवसांत घरातील वडीलधाऱ्यांनी "आम्ही सांगत होतो" हे तीन शब्द गिळावेत. त्याहून मोठे साहाय्य नाही.

माझी बहीण येणारच नाही म्हणाली होती. आषाढात आली, आठ दिवसांसाठी. अमरावतीस साध्वीजींचा चातुर्मास होता. प्रवचनास जाऊ लागली, शेजारच्या दोघीतिघींशी ओळखी झाल्या, नातवाला नवकार शिकवून झाला होता, तो आता भक्तामर पाठ करू लागला. बहीण कार्तिकी पौर्णिमेस परत गेली.

मध्ये दिवाळीला सर्वजण गावी गेले. वहीपूजनाच्या वेळी थोरल्या भावाने नवी वही उघडली, कुंकवाने श्री काढला आणि दरवर्षीप्रमाणे दोघांची नावे लिहिण्यासाठी लेखणी हाती घेतली. घरातील सर्वांचे श्वास थांबले होते, असे बहीण सांगते. त्याने स्वतःचे नाव लिहिले, खाली धाकट्याचे लिहिले आणि लेखणी पुढे सरकवून धाकट्या सुनेला म्हणाला, "अमरावतीच्या खरेदीचे पान तुमच्या हाताने मांडा. हिशेब तुमचा चोख असतो."

श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत आहे. कोणत्या दिशेस किती अंतर जावयाचे याची मर्यादा मनुष्य स्वतः ठरवतो. दुसऱ्याच्या दिशांना मर्यादा घालण्याचे व्रत मात्र कोठेही सांगितलेले नाही. आपल्या घरी बदलीचा कागद आला, तर गावाची चौकशी अवश्य करा, पाण्याची करा, शाळेची करा, मंदिराची करा. पण त्या सर्वांच्या आधी जिच्या नावाने तो कागद आला आहे, तिला समोर बसवून विचारा. मला कोणी विचारले नव्हते. म्हणून हे लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजते.

जय जिनेंद्र.